‘अराजकवादी’ असं मी लिहिलं

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून एखाद्या खुनाची उकल हवी होती. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडं दुसरं काय असणार, असं त्यांना वाटलं असेल. पण तपासाचं काम मी फारसं केलंच नाही. नोकरीतली शेवटची चौदा वर्षं मी ‘गोपनीय’ला होतो, दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या ठाण्यांवर. कोणती ठाणी ते सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी घडलं तसं लिहितो.

गोपनीय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा येतो. माझ्याकडं एक टेबल, कुलूप नीट न लागणारं एक कपाट आणि एक जुनी मोटरसायकल होती. काम असं, की कुठं सभा, मोर्चा, यात्रा, निवडणूक, गणपती असलं की आधी साध्या कपड्यांत त्या गावात जायचं, चार ठिकाणी चहा प्यायचा, चार माणसांचं ऐकायचं आणि परत येऊन एक पान लिहायचं. किती लोक जमतील, पुढारी कोण, लोकांचा कल कसा, काय होऊ शकतं. त्या पानावरून बंदोबस्त ठरतो. किती माणसं, किती लाठ्या, कुणाला आदल्या दिवशी उचलून बसवायचं.

हे पान लिहिणाऱ्याची एक अडचण असते, ती बाहेरच्यांना कळत नाही. ‘शांतता राहील’ असं लिहिलं आणि दगड पडला, तर लिहिणाऱ्याची मान जाते. ‘गडबड होईल’ असं लिहिलं आणि काहीच झालं नाही, तर कुणी विचारत नाही. उलट बंदोबस्त चोख होता म्हणून शाबासकी मिळते. म्हणून सगळे गोपनीयवाले थोडं वाढवून लिहितात. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे आमचं आवडतं वाक्य. जगातल्या कोणत्याही गोष्टीला ते लागू पडतं.

मी सुरुवातीला असा नव्हतो. दौंड तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या आखाड्यावरून दोन भावक्यांत कुरबूर होती. मी दोन्हीकडं जेवलो होतो. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी शब्द दिला होता. मी लिहिलं, ‘किरकोळ कुरबूर, शांतता राहील.’ आठ माणसांचा बंदोबस्त लागला. शेवटच्या कुस्तीला दगडफेक झाली आणि आमच्यातल्या एका शिपायाच्या भुवईवर दगड बसला. डोळा वाचला, पण थोडक्यात. दवाखान्यात त्याची बायको कॉटपाशी उभी होती. तिनं मला एवढंच विचारलं, “भाऊजी, कागद तुमीच लिवला व्हता ना?”

त्यानंतर ‘शांतता राहील’ हे शब्द मी पुन्हा कधी लिहिले नाहीत. हे आधी सांगतोय, कारण पुढं मी जे केलं त्याचं मूळ यात आहे. समर्थन म्हणून सांगत नाही.

काही वर्षांनी माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. कारेगाव माझ्याकडं आलं. रांजणगावच्या कारखान्यांतले कामगार तिथं राहतात. ओळीनं पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत चार-पाच जण. कुणी बीडचा, कुणी वाशिमचा, कुणी बिहारचा. पाळी सुटली की सगळा रस्ता निळ्या गणवेशांनी भरतो.

एके दिवशी ठाण्यात परवानगीचा एक अर्ज आला. खोल्यांमधल्या कामगारांना मैदानात कार्यक्रम करायचा होता, लाउडस्पीकर लावून. अर्जात ‘अध्यक्षाचे नाव’ असा रकाना असतो. तिथं लिहिलं होतं, ‘नाही’. त्याखाली ‘सचिव’. तिथंही ‘नाही’. ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘सर्व’.

साहेबांनी अर्ज माझ्यापुढं टाकला. “बघा कोण दीडशहाणा आहे.”

अर्जावर पत्ता एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचा होता. जळालेल्या मोटारींची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे ते काम. दुकानात भानुदासराव भेटले. पन्नाशीचे, बारीक, नाकावर चष्मा, बोटांना वॉर्निशचा वास. आयटीआयमध्ये निदेशक होते, ते सोडून दुकान टाकलेलं. मूळचे इनामगावचे. सगळे त्यांना मामा म्हणत.

“रकाना मोकळा कसा चालेल?” मी विचारलं.

“मोकळा कुठं हाय? ‘न्हाई’ म्हणून लिवलंय की.”

“कार्यक्रमात काही झालं तर धरायचं कुणाला?”

“त्येच तर. एकाला धरायची सोय झाली, की बाकीचे मोकळे.” ते हसले. हसण्यात खोडी नव्हती. “बसा हवालदार. चहा घ्या.”

चहा घेणं हे माझं कामच होतं. त्या चहापासून पुढं सहा-सात महिने मी त्या दुकानात जात राहिलो. आधी कामासाठी, मग थोडं आवडीनंही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर दहा-वीस जण जमायचे. कुणी एक पुस्तक मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, भांडायचे. खोल्यांच्या त्या ओळीत टँकरच्या पाण्यावरून पूर्वी रोज मारामाऱ्या व्हायच्या, तशी नोंदच होती आमच्याकडं. त्या थांबल्या होत्या. दर दहा खोल्यांनी मिळून एक माणूस बोलायला ठरवायचा, तोही महिन्यानं बदलायचा. त्यानं हुकूम द्यायचा नाही, दहा खोल्यांचं म्हणणं पुढं न्यायचं आणि पुढचं मागं आणायचं. जेवणाची मेसही पाळीपाळीनं. कुणी मुकादम नाही, कुणी पुढारी नाही.

“हे कुठून काढलं तुम्ही?” मी एकदा विचारलं.

“अराज्यवाद म्हणत्यात याला. लोक अराजकवाद बी म्हणत्यात. मी त्यातला हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या खात्यात हा शब्द ऐकला की कान टवकारतात. वर्तमानपत्रात शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिक अडकलं तरी ‘चौकात अराजक’ असा मथळा येतो. दंगल, लुटालूट, जाळपोळ म्हणजे अराजक, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांनी माझा चेहरा वाचला. “अ-राजक. राजा नसल्यालं. एवढाच अर्थ त्या शब्दाचा. आता राजा नसला म्हंजी लोक एकमेकांचे गळे धरणार, हे कुणी ठरवलं? राजानंच ना? तुमच्या केंदूरला सावड हाय का न्हाई?”

माझं गाव केंदूर, हे त्यांना ठाऊक होतं. सावड म्हणजे आज माझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तुझ्या. माझ्या लहानपणी पेरण्या, काढण्या सगळ्या सावडीवर व्हायच्या.

“होती की.”

“कुणी चालू केली? कलेक्टरनं? आन् विहिरीवर चार भावांच्या पाण्याच्या पाळ्या? त्याला कुठलं पोलीस ठाणं लागतं? नियम हायतच. पर वरनं लादल्याले न्हाईत. ज्यानं पाळायचे त्यानंच बसून ठरवल्याले. नियम नको असं आमी म्हणत न्हाई. मालक नको म्हणतो, मग तो कारखान्याचा असू द्या, न्हाईतर सरकारचा.”

“विहिरीवरचे चार भाऊ कोर्टात जातात तेव्हा?” मी म्हणालो. “आणि बॉम्ब टाकणारेही अराजकवादीच होते, असं ऐकलंय.”

“व्हते. परदेशात व्हते, काहींनी राजे मारले, बॉम्ब टाकले. ते झाकून कसं चालंल? त्यापायीच नाव बदनाम झालं. आन् तसं न करणारे त्याच्या कैक पटीनं व्हते, त्यांचं कुणी लिवलं न्हाई.” त्यांनी चष्मा पुसला. “कोर्टाचं म्हणाल, तर खरं हाय. गुंड आला, टोळी आली तर काय, याचं पुरतं उत्तर माझ्यापाशी न्हाई. शोधतोय.”

मला आवडायचं ते हे. ‘पुरतं उत्तर न्हाई’ असं म्हणणारा पुढारी मी नोकरीत पाहिला नव्हता. एकदा मी त्यांना डिवचलं, की तुमच्या इनामगावच्या उत्खननातही म्हणे गावप्रमुखाचं घर सापडलं, पाच खोल्यांचं, धान्याच्या कोठाराशेजारी. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही पुढारी होताच. त्यांची आई त्या खोदकामावर मजुरीला होती, तिच्याबरोबर ते खापरं वेचत फिरलेले. ते खो खो हसले. “कोठाराला लागून घर बांधणारा कुठल्या बी काळात गावतोच हवालदार!”

अशी सगळी गंमत चालली होती. आणि मग एका कारखान्यात अपघात झाला.

प्रेस मशीनवर सविता नावाच्या एका ठेकेदारी कामगाराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, ही बाई आमच्या हजेरीवरच नाही. कारखाना म्हणाला, ठेकेदाराला विचारा. खोल्यांच्या त्या ओळीतच ती राहायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप फिरला, की परवा सकाळी दहाला गेटवर बसायचं.

त्याच रात्री साहेबांनी मला बोलावलं. आधीचे साहेब जाऊन हे नुकतेच बदलून आले होते आणि अतिशय काळजीत होते. “किती जमतील?”

“पाचशे तरी.”

“नेता कोण?”

“साहेब, त्यांच्यात नेता नसतो.”

“नेता नसलेला जमाव? आणि हे तुम्ही मला इतक्या शांतपणे सांगताय?” त्यांनी टेबलावर हात आपटला. “वरून दोनदा फोन आलाय. मला लेखी द्या. तो रिवाइंडिंगवाला कोण आहे, कशाचा आहे, सगळं.”

मी टेबलापाशी आलो. कागद ओढला. मला काय ठाऊक होतं, तर भानुदासरावांनी निरोपाबरोबरच खोलीखोलीत जाऊन सांगितलं होतं, की हात उचलायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, दहा-दहाच्या गटानं बसायचं. हे मी लिहायला हवं होतं. मी पेन टेकवलं आणि मला ती दवाखान्यातली बाई दिसली. ‘कागद तुमीच लिवला व्हता ना?’ पाचशे माणसं. नेता नाही. दगड पडला तर?

मी लिहिलं: ‘सदर इसम हा अराजकवादी विचारसरणीचा असून कामगारांमध्ये त्याचा प्रभाव आहे. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

ती वाक्यं खोटी नव्हती, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. तो शब्द त्यांनीच मला सांगितला होता. फक्त त्यांनी सांगितलेला अर्थ मी कागदावर आणला नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात जो अर्थ तयार होता, त्याच्या हवाली तो शब्द केला.

कागद पुढं गेला. तासाभरात वरून फोन आला, “अराजकवादी? मग वाट कसली बघताय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, भानुदासराव दुकानाचं शटर वर करत असताना, त्यांना जीपमध्ये बसवलं. मी गेलो नव्हतो. पण ठाण्यात आणलं तेव्हा मी व्हरांड्यात होतो. ते मला बघून हसले. “हवालदार, तेवढं दुकानाचं शटर खाली वढायला सांगा कुणाला. तसंच ऱ्हायलंय.”

त्यांना वाटत होतं, मी त्यांच्या बाजूचा आहे.

गेटवरचा दिवस उजाडला. सकाळी नऊपासून मी तिथं उभा होतो. माझ्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. माणसं येत होती, येतच होती. पाचशेचा अंदाज सहाशेच्या पुढं गेला. मामांना उचलल्याची बातमी सगळ्यांना होती, ते चेहऱ्यांवर दिसत होतं. या सगळ्यांना शांत ठेवू शकणारा एकच माणूस आत आहे आणि तो माझ्यामुळं आत आहे, हे मला एका जागी उभं राहू देत नव्हतं. समोर आमची गाडी, त्यात हेल्मेट घातलेले तीस जवान. साहेबांच्या हातातला वॉकीटॉकी सारखा खरखरत होता.

लोक दहा-दहाच्या गटांनी रस्त्याकडेला बसले. घोषणा नाही, झेंडा नाही. त्या शांततेचीच जास्त भीती वाटत होती. ओरडणाऱ्या जमावाचा अंदाज येतो.

साहेब पुढं झाले. “तुमचा नेता कोण? त्यानं पुढं यावं.”

कुणी उठलं नाही.

“मी शेवटचं विचारतोय. पुढं या!”

एका गटातून एक बिहारी कामगार बसल्या जागेवरून म्हणाला, “लीडर कोई नहीं है साहब. बात करनी है तो यहीं करो, सबके सामने.”

साहेबांना तो उद्दामपणा वाटला. त्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. ती गेटवर आपटून फुटली. गाडीतले जवान खाली उतरले. लाठ्या हातात आल्या. मला भुवईवरचं रक्त दिसलं, त्या शिपायाचं, जसं काही ते आत्ताच वाहतंय.

पण बाटली टाकणाऱ्याच्या गटातल्या दोघा-तिघांनी त्याला तिथल्या तिथं खाली बसवलं होतं. एक बाई त्याला खडसावत होती, “ठरलं व्हतं ना? तू बी हात वर केला व्हता ना?” मी ते पाहिलं. साहेबांनी पाहिलं नव्हतं.

मी धावत साहेबांकडं गेलो. चौदा वर्षांत साहेबांना मध्ये अडवून बोलण्याची माझी ती एकच वेळ. “साहेब, त्यांनी त्याला बसवलंय. बघा तिकडं. यांच्यात नेता खरंच नाही. लपवत नाहीत ते. कारखान्याच्या माणसाला बाहेर बोलवा, सगळ्यांसमोर बोलू द्या. मी सांगतो ना.”

“तुम्हीच लिहिलंत अराजकवादी म्हणून!”

“लिहिलं साहेब. चुकीचं लिहिलं.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की आता हा माणूस मला निलंबित करणार, असं वाटलं. मग त्यांनी जवानांना हातानंच थांबायची खूण केली.

कारखान्याचा एक अधिकारी बाहेर आला. त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागलं. सविताचं नाव अपघाताच्या दिवसापासून हजेरीवर घेऊ, उपचार कारखान्यातर्फे करू, लेखी देऊ, असं तो म्हणाला. आम्हाला वाटलं, संपलं. पण लोक उठेनात. गटागटांत कुजबुज सुरू झाली. प्रत्येक दहांमधला एक उठायचा, दुसऱ्या गटाशी बोलायचा, परत यायचा. वीस मिनिटं हे चाललं. नोकरीतली इतकी लांब वीस मिनिटं मला आठवत नाहीत. साहेब दर मिनिटाला घड्याळ बघत होते. मग ती बाटलीवाल्याला खडसावणारी बाई उभी राहिली आणि म्हणाली, “कबूल. पर कागद आत्ता, हितं. आन् आमच्या मामाला सोडा.”

कागद मिळाला. लोक उठून पाळीवर गेले. मामा सुटले नाहीत.

ते आमच्या हातात राहिलं नव्हतं. तो शब्द वरच्या कार्यालयात पोचला होता. दोन दिवसांनी सहा महिन्यांच्या चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून देऊन ते बाहेर आले. तोवर गाळ्याच्या मालकानं जागा सोडायला सांगितली होती. पोलिसांचं लफडं त्याला नको होतं. संध्याकाळचं वाचन बंद पडलं, ते कायमचंच.

मी त्या आठवड्यात शिरूरच्या एका वाचनालयात जाऊन कोश काढून बसलो. जे आधी वाचायला हवं होतं ते आता वाचलं. अराजक म्हणजे माजलेला गोंधळ, हा एक अर्थ. आणि दुसरा, शासनसंस्थेची सक्ती न मानता माणसांनी आपसांतल्या सहकार्यानं समाज चालवावा, असं मानणारा विचार. त्यात हिंसा मानणारे, हिंसा सपशेल नाकारणारे, नाना पंथ. दोन्हींना मराठीत शब्द जवळजवळ एकच. एका शब्दात दंगल आणि सावड शेजारी-शेजारी बसलेली. मी अर्धं पान खुलासा लिहिला, ‘अराज्यवादी’ असा शब्द घातला, ‘सदर इसमाने जमावास शांततेचे आवाहन केले होते’ असंही लिहिलं, आणि साहेबांपुढं ठेवला.

त्यांनी वाचला. माणूस वाईट नव्हता. “हा प्रबंध मी वर पाठवू? म्हणजे पहिला कागद खोटा होता, असं आपण लेखी देतोय.” त्यांनी तो फाइलला लावला. पण फाइलमधला आधीचा कागद निघत नसतो. नवा फक्त त्याच्यावर बसतो.

आणि याद्या असतात. बंदोबस्ताच्या आधी कुणाकुणाला आणून बसवायचं, त्याची यादी दरवर्षी नव्यानं होत नाही, जुनीवरून उतरवली जाते. मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, मोठा सण. यादीत भानुदासरावांचं नाव आलं, ते राहिलं. सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. दोन वेळा मीच त्यांना फोन केला, “भानुदासराव, उद्या या जरा.” ते डबा आणि चष्मा घेऊन यायचे, बाकावर बसून वाचायचे. पहिल्या वेळी ते हसले. दुसऱ्या वेळी हसले नाहीत. मला म्हणाले, “हवालदार, घरात आता गाडीचा आवाज आला, की मंडळी ताटावरनं उठती.”

तो कागद माझा होता, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

मी निवृत्त होऊन दौंडला घर केलं. दोन वर्षं गेली. मला झोप नीट लागत नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला. शेवटी एका सकाळी एसटीनं शिरूरला गेलो, तिथून वडापच्या जीपनं कारेगावला. भानुदासरावांचं दुकान आता हमरस्त्यापासून आत, एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मी बसलो आणि सांगून टाकलं.

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. मला वाटत होतं, ते म्हणतील, जाऊ द्या. आपल्याकडं लोक म्हणतात तसं.

“सहा महिने माझा चहा पिलात,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मी तुमाला एक-एक गोष्ट इस्कटून सांगितली. आन् तुमी त्यातला एक शब्द उचलला.”

“मी घाबरलो होतो.”

“मी न्हाई घाबरलो? ह्या पाच वर्सांत?” ते उठले, शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडं. “हितं येऊन तोंडी सांगून तुमचं काळीज हलकं व्हईल. माझं नाव हाय तिथंच ऱ्हाईल. तोंडी नको. लेखी द्या.”

परतीच्या गाडीत मला भीतीच वाटत राहिली. खात्याविरुद्ध काही लेखी देणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक. बायको म्हणाली, “एवढ्या उशिरा कशाला घोंगडं गळ्यात घ्यायचं? पेन्शनला काही झालं तर?” मी तीन आठवडे काढले. मग प्रतिज्ञापत्र केलं. अहवाल मी लिहिला, अपुरा लिहिला, त्या माणसाबद्दल मला प्रत्यक्ष काय ठाऊक होतं ते हे, आणि त्याचं नाव यादीतून काढावं. वकिलासमोर सही केली. वरच्या कार्यालयात जाऊन दिलं, पोच घेतली. पोचेची झेरॉक्स भानुदासरावांना दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. ‘बरं झालं’ असंही म्हणाले नाहीत.

उत्तर आलं नाही. मी दोनदा जाऊन विचारलं. “प्रक्रियेत आहे” असं सांगितलं. हे वाक्यही माझ्या ओळखीचं.

यंदा त्यांचा फोन आला, पहिल्यांदाच. “उद्या मोठा दौरा हाय हितं. अजून ठाण्यातनं बोलावणं न्हाई. पर आदल्या दिशी कवा येतं, कवा त्याच दिशी सकाळी. तुमी येता का?”

मी पहिल्या एसटीनं निघालो. नऊला शेडमध्ये पोचलो. आम्ही दोघं दोन स्टुलांवर बसलो. त्यांनी काम काढलंच नव्हतं. डबा भरून खुंटीला अडकवलेला होता, चष्मा खिशात. रस्त्यावर गाडी वाजली की दोघांचंही बोलणं तुटायचं. ट्रक, टँकर, कारखान्याची बस. साडेदहा झाले. त्यांनी मला विचारलं, “आले तर काय करणार तुमी?”

“प्रतिज्ञापत्र दाखवीन. नाही ऐकलं तर तुमच्याबरोबर येऊन बसेन.”

 त्यांनी स्टूल जरा माझ्याकडं सरकवलं.

अकराच्या सुमाराला जीप आली. रस्ता सोडून शेडकडं वळली आणि दारात थांबली. भानुदासराव उभे राहिले. खुंटीवरचा डबा काढून हातात घेतला. मीही उठलो, खिशातला कागद चाचपला, तो बाहेर येईना.

एक तरुण पोलीस शिपाई उतरला. तो मागं गेला, जीपचं मागचं दार उघडलं आणि आतून एक धुळकट टेबलफॅन काढला.

“मामा, हा जळलाय. ठाण्यातला. कवा मिळंल?”

भानुदासराव हातातला डबा धरून उभेच होते. शिपायानं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. “जेवायला निघाला व्हता का? मग नंतर येतो.”

“न्हाई,” ते म्हणाले. “ठेवा. सोमवारी या.”

“आज काही बोलावणं वगैरे आहे का?” मीच विचारलं. 

“कसलं? न्हाई बा. मला तर पंखाच सांगितलाय.” तो गेला.

नाव यादीतून निघालं, की त्या दिवशी कुणी यादी नीट पाहिली नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. भानुदासराव खाली बसले. डबा बाजूला ठेवला, पंखा पुढं ओढला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. तो खाचेत बसेना. दोनदा निसटला. मी पुढं होऊन पंख्याची जाळी दोन्ही हातांनी धरली, आणि पहिला स्क्रू फिरेपर्यंत धरून बसलो.